गोबरगॅसच्या आधी शेण तोलायला हवं होतं

२०१८ च्या फेब्रुवारीत नारेगावच्या लोकांनी तिथल्या डेपोवर येणाऱ्या औरंगाबाद शहरातल्या कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, तेव्हा मी सिडकोत भाड्याने राहत होतो. पुढे कित्येक महिने चौकाचौकात कचरा साचायचा आणि लोक तो पेटवून द्यायचे. लेकीचा खोकला थांबेना, म्हणून तिला फुलंब्री तालुक्यात गावी आईकडे ठेवलं. तिथे आई चुलीपुढे बसलेली, डोळे लाल. एका धुरातून काढून पोरीला मी दुसऱ्या धुरात आणून बसवलं होतं. तेव्हाच गोबरगॅसचं मनावर घेतलं.

गोठ्यात पाच जनावरं होती. बैलजोडी, दोन गाई, एक म्हैस. पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी केली. केंद्राच्या बायोगॅस योजनेतून तेव्हा खुल्या गटाला २ ते ६ घनमीटरच्या संयंत्रासाठी १२,००० रुपये मिळायचे. संडास जोडला तर १,६०० जास्तीचे.

पहिली चूक इथेच झाली. गवंडी म्हणाला, "चारचाच बांधा भाऊ, दोनात काय होतंय?" मी हो म्हणालो. अनुदान दोनला तेवढंच, चारला तेवढंच. वरचा खर्च आपल्या खिशातून. शिवाय एका घनमीटरला रोज २५ किलो शेण लागतं आणि तेवढंच पाणी. म्हणजे चारला रोज १०० किलो. आमच्या गोठ्यात किती निघतं, हे कोणी तोललंच नव्हतं.

दुसरी चूक घाईची. गवंडी रिकामा होता म्हणून मंजुरीची वाट न बघता खड्डा खणला. कामाआधीचे फोटो नाहीत म्हणून प्रस्ताव अडकला. कागद पुन्हा केले, हेलपाटे घातले. पैसे खात्यात यायला नऊ महिने लागले. बांधकामासाठी दाजींकडून उसने घेतले होते. ते फिटेपर्यंत बहिणीच्या घरी जायचं मी टाळत होतो.

२०१९ च्या जानेवारीत घुमट झाला. शेजाऱ्यांच्या गोठ्यांतूनही शेण आणून शेणकाला भरला. पहिला गॅस पेटलाच नाही. त्यात कर्बवायू जास्त असतो, तो सोडून द्यायचा असतो. दोनदा सोडला. तिसऱ्या वेळी शेगडीवर निळी ज्योत आली. आईने लगेच चहा ठेवला आणि चहा उकळेपर्यंत ती ज्योतीकडेच बघत राहिली.

मग त्या वर्षीचा दुष्काळी उन्हाळा आला. पाणी टँकरचं, चारा विकतचा. एप्रिलमध्ये बैलजोडी विकावी लागली. उरलेल्या तिघांचं शेण कांद्याच्या काट्यावर घातलं तर ३४ किलो भरलं. गॅस जेमतेम एका वेळेपुरता व्हायला लागला. मे महिन्यात तोही बंद पडला. नळी तपासली, वाल्व्ह तपासला. शेवटी कळलं, पाणी वाचवायला आई कपडे धुतलेलं पाणी शेणात मिसळत होती. साबणाने गॅस तयार करणारे जीवाणू मरतात. मी आईवर ओरडलो. तिला हे कोणीच सांगितलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

साबणाचं पाणी बंद केलं. शेजारच्या गोठ्यातून रोज दोन पाट्या ताजं शेण आणलं. भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी वापरलं. गॅस परत यायला तीन आठवडे लागले. शहरात महापालिकेने कांचनवाडीला ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा प्रकल्प उभारला आहे. कचरा वेगळा करूनच द्या, असं का सांगतात, ते मला त्या उन्हाळ्यात पटलं.

नंतर एकच त्रास उरला. ज्योत फडफडायची. नळीच्या खोलगट भागात पाणी साचत होतं. तिथे बूच बसवलं, आठ दिवसांनी पाणी काढतो. थंडीत गॅस कमी होतो, त्याला इलाज नाही.

आज गोठ्यात चार जनावरं आहेत. दोन्ही वेळचा स्वयंपाक गॅसवर होतो, पाहुणे आले तरच सिलिंडर लावतो. बाहेर पडणारी स्लरी आल्याच्या वाफ्यांना जाते.

२०२२ च्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात २ ते ४ घनमीटरचं अनुदान १४,३५० रुपये झालं. सध्याचा दर आणि चालू योजना पंचायत समितीत विचारून घ्या. पण त्याआधी आठ दिवस गोठ्यातलं शेण काट्यावर घाला, आणि मंजुरीचा कागद हातात येईपर्यंत कुदळ मारू नका.