मोबाइलमधील संदूक कोणाच्या जागेत?



तुमच्या घरातील कागदपत्रे कोठे असतात ते मी न विचारता सांगतो. सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, सोसायटीचे पासबुक, बियाण्याची पावती हे सारे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले असते. ती पिशवी पत्र्याच्या संदुकीत, लुगड्यांच्या घडीखाली असते आणि किल्ली घरधनिणीजवळ असते. घाटावरचे गाव असो की घाटाखालचे, पंचवीस-तीस वर्षांच्या फिरतीत मी हेच पाहत आलो. कागद मागितला की कारभारी ओसरीवरूनच हाक मारतात आणि दोन मिनिटांत कागद हातात येतो.

आता मात्र अर्धी संदूक मोबाइलमध्ये गेली आहे. पावतीचा फोटो, पिकाचा फोटो, विहिरीच्या पंचनाम्याचा फोटो, सगळे तेथेच. आणि तेथे कागद मागितला की दोन मिनिटांत सापडत नाही. लग्नाचे, जावळाचे, सकाळच्या फुलांच्या शुभेच्छांचे दोन हजार फोटो वर-खाली करता करता चहा निवून जातो. तेही एक वेळ चालेल. खरी अडचण निराळी आहे, आणि ती मी एका घरात पाहिली म्हणून हा लेख.

जुलै २०२३ मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर या तालुक्यांत ढगफुटीसारखा पाऊस झाला, हे तुमच्या लक्षात असेलच. नदी-नाल्यांनी पात्र सोडले आणि शेतेच्या शेते खरडून गेली. त्या भागातील एका शेतकऱ्याच्या संत्र्याच्या बागेतून नाला वाहिला. बाग वडिलांच्या हातची होती. माणूस हुशार. पाणी ओसरताच फोटोवर तारीख आणि ठिकाण उमटवणारे एक ॲप त्याने मोबाइलमध्ये घेतले आणि दोन दिवस फोटो काढले. दोरी धरून खड्ड्याची लांबी मोजताना, उघड्या पडलेल्या मुळ्या, धुऱ्याची मोडलेली कड, असे चाळीसेक फोटो होते. फोन भरू नये म्हणून ते मेमरी कार्डावर जातील अशी सोयही केली.

पुढे यादीत खरडलेले क्षेत्र कमी लागले. अर्ज करावा म्हणून तो मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. मोबाइलमध्ये चाळीसपैकी एकही फोटो नव्हता. "साहेब, कार्डातच होते हो. कार्ड तर मी काढलंबी नाही. मंग गेले कुठी?" थोडे विचारल्यावर उलगडा झाला. दिवाळीत भाचा आला होता. फोन हळू चालतो म्हणून त्याने चार-पाच नको असलेली ॲपे काढून टाकली. त्यात ते फोटोचे ॲपही गेले आणि जाताना फोटो घेऊन गेले. तोवर खड्डा ट्रॅक्टरने बुजवून वर हरभरा पेरला होता. अर्ज दिला, पण सोबत जोडायला काही उरले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, फोटो कार्डावर, ॲप फोनमध्ये. मग ॲप गेल्यावर फोटो का जावेत? यासाठी आपल्या ओळखीचे उदाहरण घेऊ. तुमच्या वाड्यात सालदाराला राहायला एक खोली दिली आहे. वाडा तुमचा, खोलीही तुमची, पण त्या खोलीतील पेटी सालदाराची. पाडव्याला साल संपले की तो पेटी उचलून जातो. तुम्ही आपले दागिने त्याच्या पेटीत ठेवले असतील तर तेही गेले. यात त्याची लबाडी नाही. तुम्ही वस्तू ठेवलीत ती जागाच त्याची होती.

मेमरी कार्डावर असेच असते. प्रत्येक ॲपला फोन कार्डावर एक खोली काढून देतो. 'अँड्रॉइड' नावाच्या फोल्डरमध्ये 'डेटा' नावाचे फोल्डर असते आणि त्यात ॲपागणिक एकेक कप्पा. ॲप काढून टाकले की फोन तो कप्पाही झाडून नेतो. ॲपाने फोटो त्या कप्प्यात ठेवले असतील तर ते ॲपाबरोबर जाणार. उलट 'डीसीआयएम', 'पिक्चर्स' किंवा तुम्ही स्वतः केलेल्या फोल्डरमध्ये ठेवलेले फोटो ॲप गेले तरी जागेवर राहतात.

पूर्वी कोणतेही ॲप कार्डावर कोठेही फोल्डर करू शकत असे. २०१३ पासून अँड्रॉइडने कार्डावरची ही मोकळीक काढून घेतली आणि २०२० मध्ये आलेल्या अकराव्या आवृत्तीत नियम आणखी कडक झाले. आज ॲपाला कार्डावर आपल्या कप्प्याबाहेर जायचे असेल तर मालकाला, म्हणजे तुम्हाला, विचारावे लागते. तुम्ही एखादे फोल्डर दाखवून 'हे फोल्डर वापरा' असे म्हणायचे. त्यातही सबंध कार्ड एकदम देऊ म्हटले तर नवे फोन देऊ देत नाहीत. बऱ्याच मंडळींचे घोडे येथेच अडते. ॲप जागा विचारते, समोर कार्ड दिसते, पण 'हे फोल्डर वापरा' हे बटण दाबले जात नाही, आणि मंडळी वैतागून 'राहू दे' म्हणतात. मला विचाराल तर हा नियम चांगला आहे. परक्याला सगळ्या वाड्याची किल्ली कशाला द्यायची?

म्हणून आधी फोल्डर आपल्या हाताने करावे. फोनमध्ये 'फाइल्स' किंवा 'माय फाइल्स' नावाचे ॲप असतेच. ते उघडून 'एसडी कार्ड' दाबा. वरचे तीन ठिपके किंवा बेरजेची खूण दाबली की 'नवीन फोल्डर' असे येते. नाव द्या, झाले. मग ज्या ॲपात फोटो साठवण्याची जागा निवडता येते, त्याला हे फोल्डर दाखवा. जे ॲप निवडूच देत नाही, त्यातील फोटो त्याच संध्याकाळी या फोल्डरमध्ये नकलून घ्यावेत.

नाव मराठीत चालते. पण येथे एक गंमत आहे. '७/१२' असे नाव दिले तर फोन घेत नाही, कारण तिरकी रेघ नावात चालत नाही. 'सातबारा' असे अक्षरी लिहावे. नावात वर्ष आधी लिहावे, मग हंगाम, मग गट नंबर, जसे '२०२५ खरीप गट ११२'. म्हणजे वर्षे आपोआप ओळीने लागतात. त्याच्या पोटात पेरणी, बियाणे, नुकसान, विक्री असे कप्पे करा, किंवा करू नका. ज्या घरी पाच एकर आहेत तेथे चार फोल्डर पुरतात. उगाच कप्प्यात कप्पा करून ठेवलेली वस्तू ठेवणाऱ्यालाही सापडत नाही.

काय ठेवावे? सातबारा हरवला तर पंधरा रुपयांत डिजिटल सहीचा पुन्हा निघतो, त्याची फार चिंता नको. ई-पीक पाहणीचा फोटो सरकारजमा होतो, तो निराळा. जे पुन्हा निघत नाही ते आधी सांभाळा. बियाण्याच्या पावतीवरची शाई उन्हाने आणि घामाने उडते, म्हणून घेतल्या दिवशीच तिचा आणि पिशवीवरच्या टॅगचा फोटो काढा. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. अशा तक्रारीत पावती आणि टॅगच विचारतात. (अर्थात अस्सल पावती आणि पिशवीही टाकू नका, फोटो हा तिचा आधार.) धुरा, नाल्याचा काठ, विहिरीचे कठडे यांचे फोटो नुकसान होण्यापूर्वीचे हवेत. आधी काय होते ते दाखवता आले तरच काय गेले ते कळते.

काही जण म्हणतात, २०२३ ला विम्यासाठी ७२ तासांत नुकसान कळवावे लागत होते. २०२५ च्या खरिपापासून आपल्या राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगावरून ठरू लागली, मग फोटो कशाला? अहो, पंचनामा आहे, सरकारी मदतीची यादी आहे, शेजाऱ्याशी धुऱ्याचा वाद आहे. तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी झाले, पण यादीत चूक निघाली की पुरावा पूर्वीसारखाच तुमच्याकडे मागतात.

फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला की तो बारीक होतो आणि फोटोच्या पोटातील ठिकाणाची, वेळेची नोंद गळते. कोणाला पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, आणि मूळ फोटो फोल्डरमध्येच राहू द्या.

नवे कार्ड टाकताना फोन कधी कधी विचारतो, हे फोनचा भाग म्हणून वापरू की वेगळे ठेवू? 'वेगळे' म्हणावे. फोनचा भाग केलेले कार्ड त्याच फोनमध्ये वाचता येते. फोन विहिरीत पडला तर कार्ड हाती लागूनही उपयोग नाही. आणि कार्ड काढण्यापूर्वी सेटिंगमध्ये जाऊन ते 'बाहेर काढा' असे सांगावे, चालू फोनमधून उपटू नये. हल्ली बऱ्याच नव्या फोनला कार्डाची खाचच नसते. त्यांनी फोनला लागणारा पेन ड्राइव्ह घ्यावा, फोल्डर करण्याची रीत तीच.

कार्ड हीदेखील नाशवंत वस्तू आहे, बाजारात स्वस्त म्हणून नकली कार्डेही मिळतात. म्हणून वर्षातून दोनदा, खरिपाची आणि रब्बीची पेरणी आटोपली की, सगळी फोल्डरे दुसऱ्या कार्डावर नकलून घ्या. ते दुसरे कार्ड काडेपेटीत घालून पत्र्याच्या संदुकीत, त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि किल्ली जिच्याजवळ आहे तिला सांगून ठेवा की या काडेपेटीत काड्या नाहीत.