पाणी आधी, मासा नंतर

विद्यालयाच्या या स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. संस्थेच्या जडणघडणीविषयी अधिकारी व्यक्ती लिहितीलच, हे जाणून आम्ही आमच्या घरातील काचेच्या एका पेटीविषयी लिहिण्याचे ठरविले. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु एवढ्या वर्षांच्या अध्यापनात जे उमगले नाही, ते या पेटीने शिकविले, अशी आमची प्रामाणिक भावना आहे.

दोन वर्षांपूर्वी धाकट्या कन्येच्या हट्टापायी आम्ही एक निळा फायटर मासा घरी आणला. दुकानदार म्हणाला, "सर, याला काही लागत नाही. वाटीभर पाण्यातही जगतो." आम्ही विश्वास ठेवला. काचेचे गोल भांडे, तळाशी रंगीत खडे आणि प्लॅस्टिकचे एक झाड, एवढा त्याचा संसार मांडला. स्वच्छतेच्या हौसेपायी रोज सगळे पाणी ओतून नळाचे ताजे पाणी भरीत असू. डिसेंबरचे दिवस होते. सतराव्या दिवशी सकाळी मासा तळाशी निपचित पडलेला दिसला. कन्येने विचारले, "बाबा, तो मेला की आपण मारला?" आमच्यापाशी उत्तर नव्हते.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला मुळाशी गेल्याखेरीज चैन पडत नाही. आम्ही या माशाचे मूळ शोधू लागलो. तो सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा. तेथे त्याला 'प्ला कात', अर्थात 'चावणारा मासा' म्हणतात. भातखाचरे, दलदली आणि संथ ओढे हे त्याचे घर. माणसाने त्याच्या झुंजी लावल्या, त्यावर पैजा मारल्या आणि 'लढवय्या' हे नाव त्याला कायमचे चिकटविले. बेट्टा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव त्याला १९१० साली रेगन या ब्रिटिश मत्स्यतज्ज्ञाने दिले. २०१९ मध्ये थायलंडने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून घोषित केले.

कल्ल्यांखेरीज या माशाला आणखी एक श्वसनेंद्रिय असते. त्याच्या साहाय्याने तो पृष्ठभागावर येऊन थेट हवा घेतो. खाचरातील कोंदट, उथळ पाण्यात तो तगतो तो यामुळेच; आणि दुकानात एवढ्याशा पेल्यात त्याला कोंडता येते तेही यामुळेच. ज्या गुणाने तो संकटात जगतो, त्याच गुणाचा आधार घेऊन त्याला कायम संकटात ठेवण्यात येते. तग धरणे म्हणजे सुखाने नांदणे नव्हे, हा भेद आम्हांला तेव्हा प्रथम जाणवला.

याच सुमारास आमचा एक माजी विद्यार्थी घरी आला. मासे पाळण्याचा त्याला छंद. सारी हकीकत ऐकून तो म्हणाला, "सर, आधी पाणी तयार करा. मासा नंतर." त्या दिवसापासून तो गुरुजी झाला आणि आम्ही विद्यार्थी.

त्याच्या सांगण्यावरून दीड फूट लांब, पाऊण फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी आणली. ती भक्कम मेजावर, थर्माकोलच्या तक्त्यावर ठेवली. तळाशी धुतलेल्या बारीक खडीचा दोन इंचांचा थर दिला. जावा फर्न आणि अनुबियास या वनस्पती काळ्या दोऱ्याने दगडाला बांधल्या. त्यांचे जाड आडवे खोड खडीत पुरले तर कुजते. क्रिप्टोकोरीनची चार रोपे मात्र मुळांसह खडीत लावली. वर हॉर्नवर्ट तरंगत सोडले. क्लोरीन नाहीसे करणारे थेंब घालून २५ लिटर पाणी भरले. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर व हिटर बसविला, आणि तापमान २६ अंशांवर ठेवले. हा मासा उडी मारतो, म्हणून वर झाकण ठेवले. पण श्वासासाठी पाणी व झाकण यांत दोन इंच मोकळी जागा राखली.

आणि मग काहीच केले नाही. माशाच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, तेही घातकच. दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. ते पुष्कळच सौम्य, आणि वनस्पती ते शोषून घेतात. हे जिवाणू स्पंजात व खडीत रुजायला काही आठवडे लागतात. मासा नसलेल्या त्या पाण्यात आम्ही चिमूटभर खाद्य टाकीत होतो, ते या अदृश्य पाहुण्यांसाठी. आमचा पहिला मासा गोल भांड्यात का गेला, हेही आता कळले. ना जिवाणू, ना ऊब; आणि रोज क्लोरीनचे थंड पाणी!

दुसऱ्या आठवड्यात क्रिप्टोकोरीनची सारी पाने विरघळून गेली. रोपे उपटून टाकावीत म्हणून आम्ही हात घातला, तोच विचार करून त्या विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, "उपटू नका, सर. जागा बदलली की ती पाने टाकते. मूळ जिवंत असते. नवीन पाने येतील, ती या पाण्याची असतील."

त्या रात्री आम्हांला झोप लागली नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी वसतिगृहात पाचवीचा एक मुलगा आला होता. तो जेवेना, बोलेना, वहीत अक्षर काढीना. तीन आठवड्यांनी आम्ही त्याच्या नावापुढे 'अभ्यासात लक्ष नाही' असा शेरा लिहिला. वडील आले आणि त्याला घेऊन गेले. तो परत आला नाही. त्याचीही फक्त पानेच गळाली होती.

पाचव्या आठवड्यात चाचणीत अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले. खडीतून तांबूस हिरवी पालवी वर आली होती. तेव्हा कोठे आम्ही दुसरा मासा आणला, एकटाच; कारण दोन नर एकत्र नांदत नाहीत. दिवसाला तीन-चार दाणे खाद्य, सात तास उजेड आणि आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलणे, एवढीच त्याची मागणी. आज त्याला चौदा महिने झाले. हॉर्नवर्टच्या आडोशाला तो अधूनमधून बुडबुड्यांचे घरटे बांधतो.

कन्येच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही उशिरा, पण दिले : "आपणच मारला." त्या मुलाच्या वडिलांना मात्र हे सांगणे राहून गेले. आता जूनमध्ये नवी मुले वसतिगृहात येतात, तेव्हा पहिले दोन महिने आम्ही कोणाच्याही नावापुढे शेरा लिहीत नाही. जेवणाच्या पंगतीत त्यांच्याशेजारी जाऊन बसतो.