पेन्सिलच्या रेघेत न मावणारा हिशेब

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ग्रोथ हार्मोन घेणाऱ्या मुलाचा हिशेब घराच्या भिंतीवर असतो: गेल्या दिवाळीची पेन्सिलची रेघ, यंदाची रेघ आणि मधलं अंतर. इंजेक्शनचं पेन फ्रिजमध्ये, दोन ते आठ अंशांत. गुरुवारी वीज गेली की आईचं लक्ष आधी तिकडे. एवढा आटापिटा फक्त उंचीसाठी, असं धरलं जातं ते मला पटत नाही. यकृताच्या पेशींवर रक्तातलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, आत ओढणारे रिसेप्टर असतात आणि ग्रोथ हार्मोनने ते वाढतात, हे स्वीडनच्या संशोधकांनी १९९२ मध्ये दाखवलं. म्हणूनच या हार्मोनची कमतरता असलेल्या बऱ्याच मुलांचं एलडीएल चढं सापडतं, शिवाय पोटावर चरबी साठते आणि उपचारानंतर दोन्ही उतरतात. ज्याचं एलडीएल मुळात चढलेलंच नव्हतं, त्याच्या रिपोर्टात फरक दिसणार तरी कुठून?

कोणी म्हणेल, चरबी झडली म्हणून कोलेस्टेरॉल उतरलं, त्यात हार्मोनचं काय कौतुक? चरबीचा वाटा आहेच, पण रिसेप्टरचं काम वेगळं. शिवाय हे हार्मोन चरबी वितळवताना रक्तात फॅटी अॅसिड सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी करतं, तेव्हा साखरेवरही नजर हवी. अधिक वजनदार आक्षेप ब्राझीलमधल्या इताबायानिन्याचा आहे. तिथे जन्मापासून या हार्मोनची तीव्र कमतरता असलेली, कधीच उपचार न घेतलेली माणसं आहेत. त्यांचं एलडीएल चढं असूनही रक्तवाहिन्या अकाली खराब झालेल्या आढळल्या नाहीत. हा पुरावा मी मानतो. पण त्यांच्यात उणीव एकाच हार्मोनची. मेंदूतल्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर चार हार्मोन गमावलेल्या मुलाला तो दिलासा जसाच्या तसा लागू करता येत नाही. उलट, ही हार्मोन सोडणारी पिट्युटरी ग्रंथी निकामी झालेल्या प्रौढांत हृदयविकाराचे मृत्यू जास्त असल्याचं १९९० च्या स्वीडिश अभ्यासात दिसलं, तरी तो दोष एकट्या ग्रोथ हार्मोनच्या उणिवेवर टाकता येत नाही. म्हणून कोलेस्टेरॉलचं भय घालून नुसत्या बुटक्या, पण हार्मोन पुरेसं असलेल्या मुलाला हे इंजेक्शन देणं मला गैर वाटतं.

कमतरता सिद्ध झालेल्यांची गोष्ट निराळी. पालकाची कंत्राटी नोकरी सुटली की खर्च झेपत नाही, पेन बंद होतात. उंची पुरी झाली की डॉक्टरही थांबवतात. अशा थांब्याआधी एक लिपिड प्रोफाइल आणि काही महिन्यांनी दुसरं करावं. पेनांच्या खर्चापुढे तो खर्च किरकोळ. उपचार चालू असूनही एलडीएल उतरत नसेल, तर लगेच वडापावला धारेवर धरू नये. ग्रोथ हार्मोन सुरू झाल्यावर थायरॉइडची दडलेली कमतरता उघडी पडू शकते आणि तीही कोलेस्टेरॉल चढवते. त्यासाठी थायरॉइडचं हार्मोन टी-फोर तपासावं, थायरॉइडला चालना देणारं पिट्युटरीचं टीएसएच नुसतं पुरत नाही, कारण पिट्युटरीच बिघडलेली असेल तर टीएसएच नॉर्मल दिसू शकतं.