मॉरिगनचं दार

आयर्लंडला जाणारी माणसं रॉसकॉमन काउंटीत सहसा थांबत नाहीत. तिथे समुद्र नाही, उंच कडे नाहीत. चुनखडीच्या जमिनीवर हिरवी कुरणं, दगडी बांध आणि गायी. मला मात्र आयर्लंडमध्ये जायचं होतं ते तिथेच. टॉमस किन्सेलाने १९६९ साली इंग्रजीत आणलेलं ‘टॉइन’ हे आयरिश महाकाव्य मी कित्येक वर्षं उशाशी ठेवून वाचलंय, आणि त्या कथेची सुरुवात रॉसकॉमनच्या क्रूआखन या राजधानीत होते. आज तिला राथक्रोहन म्हणतात.

राणी मेव्ह आणि तिचा नवरा अलिल एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या वाद घालतात, कोणाची मिळकत जास्त? भांडी, दागिने, मेंढ्या, घोडे, डुकरं, सगळं समोर आणून मोजतात. सगळं बरोबरीचं निघतं. फक्त अलिलच्या कळपात पांढऱ्या शिंगांचा एक बैल जास्त. तो जन्मला मेव्हच्याच गाईच्या पोटी, पण बाईच्या मालकीचं म्हणवून घेणं त्याला कमीपणाचं वाटलं, म्हणून आपणहून अलिलच्या कळपात गेला. मेव्हला हे सहन होत नाही. त्याच्या तोडीचा तपकिरी बैल अल्स्टरमध्ये आहे असं कळतं. मागून मिळत नाही, तेव्हा ती फौज घेऊन निघते. अल्स्टरचे पुरुष लढायला उठू शकत नाहीत, कारण त्यांच्या राजाने माखा नावाच्या गरोदर बाईला घोड्यांबरोबर शर्यतीत पळवलं होतं, आणि तिने शाप दिला होता की, ऐन संकटात तुम्हाला बाळंतपणाच्या कळा येतील. उरतो कू हुलिन, सतरा वर्षांचा पोरगा. एकटा नदीचा उतार अडवून धरतो.

आमच्याकडे मारुतीच्या देवळाबाहेर, पारापाशी वीरगळ उभे असतात. खालच्या चौकटीत आडवा पडलेला वीर आणि त्याच्या बाजूला गायी. गुरं राखताना मेलेल्यांचे ते दगड लहानपणापासून पाहिलेल्या माणसाला ‘टॉइन’मध्ये परकं काही लागत नाही.

डब्लिनमध्ये माझी भाची नोकरी करते. तिने मला मोठ्या पोस्टातला कू हुलिनचा पुतळा दाखवला. ऑलिव्हर शेपर्डने तो १९११ मध्ये घडवला; पुढे ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचं स्मारक म्हणून त्याच उठावाच्या जागी बसवला गेला. मरतानाही उभं राहता यावं म्हणून वीराने स्वतःला दगडाला बांधून घेतलंय. खांद्यावर पक्षी बसलाय. ती मॉरिगन. युद्धाची, गुरांची आणि भविष्य सांगणारी देवी. तिने तरुणी होऊन कू हुलिनला प्रेम देऊ केलं, त्याने धुडकावलं. मग ऐन लढाईत ती ईल मासा, लांडगी आणि गाय होऊन त्याच्यावर आली आणि तिन्ही वेळा जखमी झाली. पुढे एक म्हातारी तीन सडांची गाय पिळत बसलेली त्याला दिसते. तहानलेला तो प्रत्येक सडाचं दूध पितो आणि दर वेळी तिला आशीर्वाद देतो. तीन आशीर्वादांनी म्हातारीच्या तिन्ही जखमा भरून येतात. शत्रूकडून स्वतःचं औषध काढून घेणारी दुसरी देवता मला माहीत नाही. हिचं घर बघायचंच, असं मी भाचीला सांगून टाकलं.

गॉलवे आणि मोहरचे कडे पावसात गेले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं माझ्यापाशी काही नाही.

राथक्रोहनजवळच्या टल्स्क गावातून मॉरिगनची गुहा दाखवायला आमच्याबरोबर पन्नाशीचा एक वाटाड्या निघाला. उंच गमबूट, हळू बोलणं. एका अरुंद शेतरस्त्याच्या टोकाला तो थांबला आणि बांधाकडे बोट करून म्हणाला, “हेच.” मे महिना संपत आला होता. हॉथॉर्नचं झाड पांढऱ्या फुलांनी भरलेलं, आणि त्याच्या मुळांशी जमिनीत गुडघाभर उंचीचं एक भोक. पाटी नाही, दिवा नाही. पलीकडे गायी चरत होत्या. हॉथॉर्न हे परीलोकाचं झाड, एकटं उभं असलेलं कोणी तोडत नाही. शेतात अडचण झाली तरी नांगर त्याला वळसा घालून जातो, असं वाटाड्या म्हणाला.

“मावशी, नक्की जायचं?” भाचीने विचारलं. मी तोवर खाली बसले होते.

आधी पाय, मग कंबर, मग डोकं, असं घसरत उतरावं लागतं. सुरुवातीचा भाग माणसांनी बांधलेला आहे, दगड रचून केलेलं मध्ययुगातलं भुयार. पाठ चिखलाला टेकलेली असताना वाटाड्याने विजेरीचा झोत माझ्या कपाळावरच्या शिळेवर तिरपा टाकला. शिळेच्या कडेवर ओळीने रेघा कोरल्या होत्या, काही आडव्या, काही तिरक्या. ओगम, आयर्लंडची सर्वांत जुनी लिपी. कोणीतरी जुना स्मारकदगड उचलून इथे छत म्हणून वापरला होता. “फ्रेखचा, मेव्हच्या मुलाचा,” वाटाड्याने वाचून दाखवलं. ही मेव्ह तीच राणी की त्या नावाची दुसरी कोणी, हे दगड सांगत नाही. पण माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावर तिचं नाव होतं, आणि मला तेवढं पुरे होतं. आडव्या पडल्या पडल्या मी ते डोळे भरून पाहिलं. मागून भाचीने बुटाने हलकेच ढोसलं, तेव्हा पुढे सरकले.

मग भुयार संपतं आणि निसर्गाने केलेली चुनखडीतली चीर सुरू होते. उभं राहता येतं. भिंती दोन्ही हातांना लागतील एवढ्याच दूर, ओल्या आणि गुळगुळीत; छत मात्र उंच गेलेलं. सगळी गुहा जेमतेम ३७ मीटर लांब. तळाला घोट्याच्या वर येणारा चिखल. टोकाशी पोचल्यावर वाटाड्याने विजेऱ्या विझवायला सांगितल्या आणि त्या अंधारात नेराची गोष्ट सांगितली. मी ती वाचलेली होती. तरी तिथे, मानेवर थेंब पडत असताना, पहिल्यांदाच ऐकल्यासारखी ऐकली.

साउइनची रात्र, म्हणजे हिवाळा सुरू होतो ती. अलिल म्हणतो, फासावर लटकलेल्या कैद्याच्या पायात जो वेताची कडी अडकवून येईल त्याला इनाम. नेरा जातो. प्रेत बोलतं, “तहान लागलीय, मला पाठीवर घे.” नेरा त्याला घेऊन दारोदार हिंडतो, पाणी पाजतो, परत फासावर नेऊन ठेवतो. वळून बघतो तर क्रूआखन जळतंय, मुंडकी पडली आहेत. हल्ला करून निघालेल्या सैन्याच्या मागोमाग तो या गुहेत शिरतो. आत दुसरं राज्य. तिथला राजा त्याला सरपण आणायच्या कामाला लावतो, एका बाईच्या घरी ठेवतो. तीच त्याची बायको होते आणि सांगते, “तू पाहिलंस ते अजून घडलेलं नाही. पुढच्या साउइनला घडेल. जा, तुझ्या माणसांना सावध कर.” खूण म्हणून उन्हाळ्यातली रानलसूण, प्रिमरोझ आणि सोनेरी नेचा घेऊन तो बाहेर येतो. आत त्याचा संसार झालेला. बाहेर लोक त्याच शेकोटीभोवती बसलेले, आणि चुलीवरचं हंडं अजून उतरवलेलं नाही.

ही गुहा म्हणजे साउइनच्या रात्री उघडणारं दार, अशी इथली समजूत. त्यातून पानं-फुलं करपवणारे पक्षी, उभी पिकं नासवणारी डुकरं आणि तीन डोक्यांचा एक प्राणी बाहेर पडतो. मॉरिगन याच दारातून गुरं हाकत जाते-येते. ओद्रस नावाच्या बाईचं जनावर तिने पळवलं. ओद्रस मागे आली आणि वाटेत झोपली, तर देवीने मंत्र म्हणून तिचं पाणी करून टाकलं. साउइनचं पुढे हॅलोवीन झालं आणि आयरिश स्थलांतरितांनी ते अमेरिकेत नेलं. त्या सणाला आज बाजाराने जे रूप दिलंय ते मला आवडत नाही. या चिखलात उभं राहिल्यावर तर मुळीच आवडत नाही.

मध्ययुगातल्या ख्रिस्ती ग्रंथाने या गुहेला आयर्लंडचं नरकद्वार म्हटलं. ते वाचून पूर्वी माझा संताप व्हायचा. पण या कथा उतरवून ठेवल्या त्या मठातल्या लेखनिकांनीच. ‘टॉइन’ची सर्वांत जुनी प्रत ज्या हस्तलिखितात आहे, त्याचा एक लेखनिक मेल मुरे ११०६ साली क्लोनमॅक्नॉइसच्या मठात लुटारूंच्या हातून मारला गेला. आणखी एका प्रतीच्या शेवटी लेखनिकाने लॅटिनमध्ये नोंद केलीय की, यातल्या कित्येक गोष्टींवर माझा विश्वास नाही. विश्वास नसताना त्याने शेकडो ओळी काळजीपूर्वक लिहून काढल्या. त्या माणसाबद्दल माझ्या मनात निव्वळ कृतज्ञता आहे.

बाहेर आलो तेव्हा केसांपर्यंत चिखल होता. वाटाड्याने पाण्याचा कॅन काढला आणि हात धुता धुता आणखी एक सांगितलं. कोणे एके काळी इथली एक बाई गाय पिळत होती. गाय उधळून गुहेत शिरली, बाईने शेपटी सोडली नाही. रात्रभर जमिनीखालून फरफटत ती सकाळी पार स्लायगो काउंटीत, केशकॉरनच्या डोंगरातून बाहेर पडली. हे सांगताना तो कुठेही हसला नाही, म्हणून मला तो अधिकच आवडला.

राथक्रोहनचा मोठा टेकाडवजा उंचवटाही पाहिला. त्याच्याभोवती ३६० मीटर व्यासाचं वर्तुळ जमिनीखाली दडलेलं आहे. यंत्रांनी ते टिपलं, खोदलेलं मात्र नाही. कथेतले ते दोन बैल ज्या गढीत झुंजले तीही एका कुरणात दाखवतात. अख्ख्या महाकाव्याला इथे असा शेताशेतांचा पत्ता आहे, आणि त्या शेतांत आजही गायीच आहेत.

स्लायगोला मेव्हची समाधी म्हणतात त्या नॉकनारीवर जायचं होतं, पण त्याआधी मी भाचीला गाडी केशकॉरनकडे वळवायला लावली. डोंगराच्या पश्चिम अंगाला गुहांची तोंडं ओळीने उघडी आहेत, रस्त्यावरूनच दिसतात. १९०१ च्या उत्खननात तिथे अस्वलांची आणि रेनडिअरची हाडं सापडली. कॉर्मक राजाला तान्हेपणी लांडगीने वाढवलं तेही इथेच, असं म्हणतात. आम्ही गवतातून चढून वर गेलो आणि त्या बाईच्या वाटेवरून आमचा चांगलाच वाद झाला. भाचीच्या मते ती सर्वांत मोठ्या तोंडातून बाहेर आली असणार, कारण गाईला जागा हवी. मी म्हटलं, मधल्या. त्याच्यासमोरचा उतार सौम्य आहे, आणि रात्रभर फरफटलेल्या बाईला गाय वळवून घरी परत न्यायची होती.