हौद्यात वाळू ठेव

एडमंटन, नोव्हेंबर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

पिकअप घेतलास आणि कॅलगरीहून रोज हायवे 2 ने कामावर जाणार, हे दादाने कळवलं. "फोर व्हील ड्राइव्ह आहे, आत्या, काळजी नको," असं तू फोनवर म्हणालास आणि मला तिथेच काळजी लागली.

चारही चाकांना जोर मिळाला की गाडी बर्फातून निघते, चढ चढते. थांबायला त्याचा काडीचाही उपयोग नाही. ब्रेक साध्या मोटारीलाही चारही चाकांना लागतात. पण निघताना चाकं घसरली नाहीत की रस्ता बरा आहे असं वाटतं, आणि वेग वाढत जातो. म्हणून पुढच्या गाडीपासून भरपूर लांब राहा.

त्यात पिकअपचं इंजिन पुढे आणि हौदा रिकामा. मागची चाकं हलकी पडतात आणि वळणावर मागची बाजू फिरते. मागच्या ॲक्सलच्या वर वाळूच्या पिशव्या ठेव आणि घट्ट बांध, नाहीतर ब्रेक लागताच त्या पुढे सरकतील. कुठे रुतलास तर तीच वाळू चाकाखाली टाकता येते. गाडी फिरलीच तर ॲक्सिलरेटर सोड, ब्रेक दाबू नकोस. जायचंय तिकडे बघ आणि स्टिअरिंग हलक्या हाताने तिकडेच वळव.

कॅलगरीचा चिनूक तू अजून अनुभवलेला नाहीस. रॉकी पर्वत उतरताना तापलेला हा वारा आला की काही तासांत बर्फाचं पाणी होतं, लोक कोट काढून फिरतात. मला धास्ती असते त्या रात्रीची. तेच पाणी गोठून रस्त्यावर पातळ, पारदर्शक थर बसतो. खालचं डांबर दिसत राहतं, त्यामुळे रस्ता नुसता ओला वाटतो. पूल तर सगळ्यात आधी गोठतात, त्यांना खालूनही गार वारा लागतो. शून्याच्या आसपासचा बर्फ उणे वीसच्या बर्फापेक्षा जास्त निसरडा असतो, तेव्हा थंडी कमी झाली म्हणून वेग वाढवू नकोस. क्रूझ कंट्रोलही लावू नकोस.

क्वेबेकात 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत, अल्बर्टात नाहीत. तरी तू घेच. साधं रबर 7 अंशांखाली कडक होऊ लागतं, मग पकड उरत नाही. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, अशी खूण बघून घे. पैसे मी पाठवते, दादाला सांगू नकोस. टायर बसवलेस की त्या खुणेचा फोटो पाठव.

तुझी,
आत्या