पीटीचे सर

आमचे खो-खोचे सर या महिन्यात निवृत्त होतायत. खांबाला सूर मारताना आमची कोपरं सोलून निघायची. सर खिशातून हळदीची पुडी काढायचे आणि वर ओरडायचे, "पळणारीच्या कमरेकडे बघ, चेहरा फसवतो!" शाळेत शिपाई होता, तरी पहाटे मैदानावर फक्की सरच मारायचे. कौतुकाला मात्र त्यांची जीभ कधी वळली नाही. आम्हाला राग यायचा तेव्हा.

2025 च्या जानेवारीत दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक प्रियांका इंगळेच्या भारतीय महिला संघानं जिंकला, तेव्हा मी सरांना फोन लावला. "मॅटवर कोपरं शाबूत राहतात," एवढंच बोलले. आवाज मात्र घोगरा झाला होता.

समारंभात शाल-श्रीफळ आहे म्हणे. शाल ते शिपायाला देतील, खोबरं सरावाच्या पोरींत वाटलं जाईल.