असईचा उतार आणि आभाळातले सैन्य

घडून गेलेल्या काळातला एखादा दुवा बदलून पुढचा सारा प्रवाह नव्याने कल्पिणाऱ्या कथेला पर्यायी इतिहास म्हणतात. मराठी वाचकाला हा प्रकार जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेमुळे परिचित आहे; तिथे १७६१च्या रणात विश्वासराव गोळीतून बचावतात आणि तेवढ्यावरून हिंदुस्थानचे भवितव्य पालटते. अमेरिकी लेखिका नेओमी नोविक यांच्या ‘टेमेरेर’ या नऊ कादंबऱ्यांच्या मालिकेत (२००६ ते २०१६) बदल मुळातूनच आहे: नेपोलियनच्या काळात देशोदेशींच्या सैन्यांत ड्रॅगन, म्हणजे माणसासारखे बोलणारे पंखधारी महाकाय प्राणी, लढत असतात. पाचव्या कादंबरीत, ‘व्हिक्टरी ऑफ ईगल्स’मध्ये (२००८), नेपोलियन इंग्लंडच्या भूमीवर उतरतो आणि त्याला परतवण्याची जबाबदारी आर्थर वेलस्लीवर येते. हे नाव जालना जिल्ह्याला चांगले ओळखीचे आहे.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुबेळक्यात, याच जिल्ह्यातल्या असई गावापाशी, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेला वेलस्लीने ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यानिशी गाठले. नदीला उतार नाही, असे वाटाडे सांगत होते. परंतु समोरासमोरच्या काठांवर वसलेली दोन गावे पाहून, अशा गावांमध्ये ये-जा असणारच आणि म्हणून तिथे उतारही असणारच, असे त्याने ताडले, आणि ते खरे ठरले. पुढे त्याची जी कीर्ती झाली तिचा पाया या तर्कात आहे. इथेच मालिकेतली एक मौजेची अडचण दिसते: ज्या जगात फौजा आभाळातून येतात तिथे नदीचा उतार शोधण्याचे कसब कवडीमोल ठरते, तरीही कादंबरीला सेनापती हवा असतो तो याच कसबावर मोठा झालेला.

मात्र एका बाबतीत नोविक असईच्या फार जवळ येतात. शिंद्यांच्या तोफखान्याने कंपनीच्या तोफा ओढणारे बैल इतके टिपले की वेलस्लीला तोफा मागे सोडून पायदळ संगिनींनिशी पुढे न्यावे लागले. त्याची दीड हजारांवर माणसे मेली अथवा जखमी झाली. त्या माणसांची नोंद पलटणीगणिक झाली, बैलांची गणना सामानातच राहिली. कादंबरीतला टेमेरेर हा ड्रॅगन वेतन आणि हक्क मागतो, तेव्हा तो या सामानाच्या यादीतून बाहेर पडत असतो. पगाराचा प्रश्न शिंद्यांच्या छावणीतही होताच: कवायती पलटणींवरच्या गोऱ्या अंमलदारांना कंपनीने नोकरी सोडण्यासाठी मोबदल्याचे आमिष दाखवले, त्यांतले बरेच निघून गेले, आणि तरीही त्या पलटणींचे हिंदुस्थानी गोलंदाज तोफा हातच्या जाईपर्यंत त्यांच्याजवळ उभे राहिले, हे वेलस्लीच्या बाजूनेही मान्य झालेले आहे.